पुराच्या जीपवर एरियल बसवली तेव्हा

जीप आमच्या कचेरीत आली ती दुसऱ्या खात्यानं वापरून टाकून दिलेली. वरचं हूड कापडी, तेही दोन ठिकाणी उसवलेलं. पत्र्यावर रंगाचे इतके थर चढलेले की मूळ रंग कुठला ते सांगता येऊ नये. मागच्या बाकावर एका खोक्यात वायरलेस सेट होता, शेजारी केबलचं भेंडोळं, आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली सात-साडेसात फुटांची पोलादी काठी. ती काठी म्हणजे एरियल. साहेबांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "पावसाळ्याच्या आत बसवून द्या. नदीकाठच्या गावांना या जीपचाच आधार राहणार आहे."

मी तेव्हा परभणीला, पुराच्या सूचना देणाऱ्या वायरलेस विभागात मेकॅनिक होतो. नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. नदीकाठच्या गावांत माझंही एक गाव होतं, पूर्णा नदीच्या काठचं.

त्या गावाबद्दल आधी सांगायला हवं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि पुढच्या काही दिवसांत गावातली आमची बौद्धवस्ती जाळली गेली. मी परभणीत आयटीआयला शिकत होतो, म्हणून मी ते पाहिलं नाही. आई लवकर गेली होती, मला थोरल्या बहिणीनं, अक्कानं, वाढवलं होतं. अक्का आणि दाजी त्या दिवशी अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. जळालेल्या जागेवर परत घरं बांधायची हिंमत कुणाची झाली नाही. दहा-बारा कुटुंबं ओढ्याच्या पलीकडं गायरानात जाऊन राहिली. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला नदी, मधे थोडासा उंचवटा. गावात यायचं तर ओढा ओलांडूनच यावं लागे. उन्हाळ्यात तो कोरडा असे, म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

तर जीप. ड्रायव्हर मानवतचे होते, पन्नाशी ओलांडलेले. पूर्वी जिनिंगच्या ट्रकवर होते, आता आमच्याकडं रोजंदारीवर. सगळी कचेरी त्यांना चाचा म्हणायची. मी कागद सोडून काठी बाहेर काढली तेव्हा ते जवळ आले.

"मिस्त्री, ही छडी कशापायी? म्हशी हाकायला?"

"हिच्यातून बोलणं जातं, चाचा."

"वायरमधून जातं म्हणा की. छडीतून कसं जाईल?"

मी त्यांना सांगितलं की सेटमधली ताकद केबलनं काठीपर्यंत येते आणि काठीवरून हवेत जाते. काठीची लांबी बरोबर नसली, किंवा काठीचं बूड आणि गाडीचा पत्रा यांचा मेळ बसला नाही, तर ती ताकद हवेत न जाता मागं फिरते आणि सेटलाच जाळते. हे मोजायला माझ्याकडं एक मीटर होता. किती ताकद चालली आणि किती परत आली, ते काट्यावर दिसायचं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे छडीचं माप चुकलं तर आपलीच आपल्याला बसती."

टप पत्र्याचा असता तर मधोमध बसवली असती. हूड कापडी असल्यामुळं जागा राहिली ती मागच्या डाव्या चाकाच्या वरची. तिथं भोक पाडलं, काठीच्या बुडाची स्प्रिंग बसवली, पत्रा आणि काठी एकमेकांना लागू नयेत म्हणून मधे जाड एबोनाइटची चकती घातली. केबलची आतली तार काठीला, बाहेरची जाळी पत्र्याला. सेट चालू करून मीटर पाहिला. निम्मी ताकद परत येत होती.

पहिला दिवस रंग खरवडण्यात गेला. पत्र्यावरचा रंग राहिला की जाळी पत्र्याला टेकत नाही, नुसती टेकल्यासारखी दिसते. मी पॉलिशपेपरनं घासत होतो आणि खालून एकेक रंग निघत होता, हिरवा, मग राखाडी, मग लाल. शेवटी रुपयाएवढा चकाकता पत्रा लागला. काटा थोडा खाली आला, पण थोडाच. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की जीपची बॉडी खालच्या सांगाड्यावर रबराच्या गाद्यांवर बसवलेली असते, म्हणजे बॉडी आणि सांगाडा यांचा विजेच्या दृष्टीनं संबंधच नव्हता. तांब्याच्या जाळीची पट्टी घेऊन दोन ठिकाणी दोघांना जोडून टाकलं. काटा आणखी उतरला.

त्या संध्याकाळी साहेब शेडमध्ये आले. त्यांनी काठीकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"उभी दिसते आहे की. मग राहिलंय काय?"

"पावशेर ताकद अजून परत येतेय साहेब."

"वरून तपासायला येतात ते काठी आहे का तेवढंच बघतात. उद्या संपवा."

तिसऱ्या दिवशी मी काठीला हात घातला. सेटवर चार चॅनेल होते. पहिल्यावर काटा कमी, चौथ्यावर जास्त, याचा अर्थ काठी लांब आहे. लांब काठी कापता येते, आखूड झालेली वाढवता येत नाही, म्हणून फार भीत भीत कापावं लागतं. चाचांनी फडक्यानं शेंडा धरला आणि मी करवतीनं ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा उतरवला. मग जीप पत्र्याच्या शेडपासून दूर, मोकळ्या रानात न्यायची, दोघांनी जरा लांब व्हायचं, मोजायचं, परत आणायची, परत दाण्याएवढं कापायचं. अकरा वेळा नेली आणि आणली. अकराव्या वेळी काटा जवळजवळ तळाला टेकला. चारी चॅनेलवर.

मी खूष होऊन जीप शेडमध्ये लावली. चाचांनी पंक्चर काढायला दिलेली स्टेपनी आणून तिच्या जागी, मागं डाव्या अंगाला अडकवली. सहज म्हणून मी पुन्हा मोजलं, तर काटा वर. काठीशेजारी एवढं लोखंड आलं की सगळा हिशेब बदलतो हे मला माहीत होतं, पण स्टेपनी जागेवर नाही हे तीन दिवसांत ध्यानातच आलं नव्हतं. मी तिथंच खाली बसलो. चाचांनी स्टेपनी काढली, पुढं नेली आणि बॉनेटवर दोरीनं आवळून बांधली.

"आता बघा."

काटा खाली गेला होता.

"मला पुढचं जरा कमी दिसंल," चाचा म्हणाले, "पण तुमचं बोलणं तर जाईल."

शेवटी इंजिनाची खरखर राहिली होती. इंजिन चालू केलं की सेटमध्ये भजी तळल्यासारखा आवाज यायचा. प्लगांवर टोप्या चढवल्या तेव्हा तीही गेली. चौथ्या दिवशी आम्ही पिंगळीला गेलो. स्टेशनाबाहेर उभं राहून कचेरी पकडली. "स्पष्ट ऐकू येतंय, शेजारी बसून बोलल्यासारखं," आमचा ऑपरेटर म्हणाला. तसेच पुढं नदीपर्यंत गेलो. माझ्या गावाच्या ओढ्याकाठी जीप उभी करून बोललो, तिथूनही आवाज स्वच्छ गेला.

अक्का ओढ्यापलीकडून आली. तिनं काठीला हात लावून पाहिलं.

"ह्या काठीनं पानी थांबतंय का?"

"थांबत न्हाई, अक्का. पन वरून पानी सुटलं तर आदी कळतं."

"कळून आमी कुटं जायाचं?"

त्या दिवशी मी तिला म्हणालो की गाडी येईल, बोट येईल, आता सोय झाली आहे.  ती मला जेवून जा म्हणाली. दाजींनी चाचांसाठी बाजेवर घोंगडी अंथरली.

त्या वर्षी पोळा झाल्यावर पावसानं झड लावली. चार दिवस ऊन पडलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला साहेबांनी सांगितलं की वरच्या धरणातून पाणी सोडलं आहे, नदीकाठच्या गावांना कळवत जा. आम्ही निघालो. रस्ता जागोजागी वाहत होता. दोन गावं सांगून झाली. माझ्या गावात पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. गाव उंचावर, तिथं फारसं भ्यायचं कारण नव्हतं. सरपंचांनी दवंडी दिली. मी चाचांना म्हणालो, "ओढ्याकडं घ्या."

नदी फुगली की ओढ्याचं पाणी पुढं जात नाही, उलटं मागं भरत येतं. तसंच झालं होतं. ओढा दोन्ही काठ सोडून पसरला होता. पलीकडं उंचवट्यावर जवळजवळ सगळी वस्ती एका जागी उभी होती, बाया, म्हातारी माणसं, शेरडं. चाळीस-पंचेचाळीस माणसं असतील. दाजी पुढं होते, कमरेला कासरा बांधून. चार-पाच कासरे एकमेकांना बांधून त्यांनी लांब दोर केला होता आणि त्याचं दुसरं टोक पलीकडच्या बाभळीला आवळलं होतं. पाणी तेव्हा छातीएवढं होतं आणि धार फार नव्हती. दाजी पट्टीचे पोहणारे. ते दोर घेऊन अलीकडं येणार, दोर जीपला बांधणार आणि मग एकेकाला धरून आणणार, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

मी सेट उचलला. कचेरी एका हाकेत मिळाली. काय आहे ते सगळं सांगितलं. ऑपरेटर म्हणाला, "थांबा, विचारून सांगतो." पाच-सात मिनिटं गेली. मग त्याचा आवाज आला, एकेक शब्द वेगळा कळेल असा.

"बोट निघाली आहे. लोकांना आहे तिथंच थांबवा. कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. ओव्हर."

मी विचारलं, "किती वेळ लागेल?"

"निघाली आहे. तासाभरात पोचेल."

मी काठावर गेलो आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो. बोट येयलीय, कुनी पान्यात उतरू नका, थांबा. दाजींना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. मी परत ओरडलो. ते गुडघाभर पाण्यात उतरले होते. त्यांनी हात वर करून कळल्याची खूण केली, आणि मागं फिरले. कासरा सोडून गुंडाळला. मला ते अजून दिसतं, नीट वेटोळी करून त्यांनी तो खांद्यावर घेतला.

तास गेला. मी विचारलं. निघाली आहे. दीड तास गेला. रस्त्यात असेल. मी म्हणालो, कुठल्या रस्त्यानं येतेय तेवढं सांगा, आम्ही पुढं जाऊन वाट दाखवतो. नोंद घेतली आहे, थांबा. सेट इतका चांगला चालला होता की ऑपरेटरच्या मागं खुर्ची सरकल्याचा आवाज मला ऐकू येत होता. कुणीतरी चहाचे कप ठेवत होतं, तेही ऐकू आलं.

पाणी चढत होतं. काठावर मी एक दगड खूण म्हणून धरला होता, तो गेला, मग त्याच्या वरचा गेला. आता ओढ्यात धार लागली होती. झाडांच्या फांद्या वेगानं जात होत्या. चाचा माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"मिस्त्री, बोट न्हाई येत."

"निघालीय म्हणतात."

"म्हणतात," ते म्हणाले.

दोन वाजून गेल्यावर उंचवट्याच्या कडेची दोन घरं बसली. तेव्हा दाजींनी कासरा परत बांधला. मी थांबा म्हणालो नाही. पलीकडं दोन म्हातारी माणसं होती, नवराबायको, त्यांचं घर सगळ्यांत खाली. ती घराच्या ओट्यावर अडकली होती. दाजी त्यांना आणायला गेले. ओट्यापर्यंत पोचलेले मला दिसले. त्यांनी म्हातारीला पाठीवर घेतलं आणि म्हाताऱ्याचा हात धरला. मग ते घर मागच्या बाजूनं खचलं, आणि ओट्यावर कुणी नव्हतं. पलीकडून बाया दोर ओढत होत्या. दोर आला तो मोकळा आला.

मी सेटवर तेही सांगितलं. तिघं वाहून गेले. नोंद घेतली आहे, असं उत्तर आलं.

बाकीची माणसं वस्तीतल्या एका लिंबाभोवती जागा होती तिथं दाटीनं उभी राहिली. तेवढी जागा बुडाली नाही. बोट दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकमधून आली, तोवर ओढा उतरायला लागला होता. बोट आदल्या दिवशी निघालीच नव्हती. ट्रक मिळाला नव्हता. ऑपरेटरला मी नंतर गाठलं. तो माझ्याच वयाचा, साधा माणूस. म्हणाला, "मला सांगितलं तेच मी सांगितलं. मी काय बोट बघायला गेलो होतो का?" त्याला कुणी सांगितलं, ते त्यानं सांगितलं नाही. दाजी तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला, एका बंधाऱ्याच्या काटेरी झुडपांत सापडले.

अक्काला मी परभणीला माझ्या खोलीवर आणलं. कचेरीनं दिलेली एकच खोली होती. ती दिवसभर दाराशी बसायची. रडली ती पहिल्या दिवशीच. आठ-दहा दिवसांनी एकदा भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "बोट येयलीय म्हनून तुला कुनी सांगितलं व्हतं?"

"सेटवरून सांगितलं."

"मानूस कोन व्हता?"

"म्हाईत न्हाई, अक्का."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. माझ्यावर ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग चौकशी लागली. तीन माणसं गेली होती आणि नामांतराच्या दिवसांपासून त्या वस्तीवर वर्तमानपत्रांची नजर होती, म्हणून वरून विचारणा आली. साहेबांनी मला बसवून घेतलं आणि टाइप केलेला एक कागद पुढं केला. वाहनावरील एरियल सदोष असल्यामुळे संदेशांची देवाणघेवाण अस्पष्ट झाली, असं त्यात होतं. खाली माझं नाव आणि हुद्दा.

"साहेब, एरियल ठीक होती. आवाज स्वच्छ होता."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. ते काही दुष्ट नव्हते, त्यांचा चेहरा उतरलेला होता. "यात माणसाचं नाव येत नाही. वस्तूचा दोष दाखवला की फाइल बंद होते. नाहीतर ऑपरेटर जाईल, मी जाईन, आणि बसवणारे म्हणून तुम्हीही जाल. तुमची बहीण तुमच्याकडंच आहे ना?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. शेडमध्ये जीप उभी होती. चाचा टायरला टेकून बिडी ओढत बसले होते. त्यांना कुणी जबाब विचारला नव्हता, विचारणारही नव्हतं. मी सही केली. सही करताना मी हेही मनाशी म्हणालो की मी एकट्यानं खरं लिहून आता कोण परत येणार आहे. हे मी कितीतरी वर्षं म्हणत राहिलो.

सही केल्यावर हुकूम आला की सदोष एरियल काढून नवी बसवावी. मीच काढली. नवी काठी बसवली, बोल्ट आवळले, आणि मीटर लावलाच नाही. चाचा शेजारी उभे होते.

"मोजायचं न्हाई का?"

"नको."

"तीन दिवस घासलं होतं तुमी ते," ते म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलू लागले. पुढच्या साली त्यांना कामावर घेतलं नाही.

मदतीच्या सुनावणीला वस्तीतल्या लोकांना तालुक्याला बोलावलं होतं. अक्का गेली आणि मी तिच्याबरोबर गेलो. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. कारकुनानं एकामागून एक कागद वाचले. माझाही वाचला, नावासकट. वस्तीतले लोक भिंतीला टेकून उभे होते.  एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "आमाला तर ह्याचं समदं साफ ऐकू आलतं." अक्का पदर नीट करत खाली बघत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

परतीच्या एसटीत ती माझ्याबरोबर बसली नाही. वस्तीतल्या बायांबरोबर गावाच्या गाडीत बसली. तिचं गाठोडं माझ्या खोलीवर राहिलं होतं, ते मी पुढच्या रविवारी नेऊन दिलं. वस्ती परत त्याच गायरानात उभी राहत होती, दुसरी जागा कुणी दिली नव्हती. मी दोन दिवस राहून मेढी रोवल्या, कूड बांधला. तिनं मला जेवायला वाढलं. त्या दिवाळीनंतर ती टोळीबरोबर ऊस तोडायला गेली. दाजी असताना ती कधी गेली नव्हती. टोळीत नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात; जोडीला माणूस नाही म्हणून तिला कोयता मिळत नव्हता, तर दुसऱ्यांच्या कोयत्यामागं मोळ्या बांधायला गेली. मग दरवर्षी जायला लागली.

मी त्याच खात्यात राहिलो. पुढं बऱ्याच गाड्यांवर एरियल बसवल्या. बदलीसाठी दोनदा अर्ज केला, झाली नाही.

अक्का टोळीबरोबर जाताना आणि परत येताना परभणीच्या स्टँडवर गाडी बदलायची, तेव्हा मी भेटायला जायचो. चहा घ्यायचो, पाऊसपाण्याचं बोलायचो. तिचे हात उसाच्या पाचटानं कापलेले असायचे. एका वर्षी मी ठरवून गेलो होतो. बाकड्यावर बसलो आणि म्हणालो, "अक्का, त्या कागदाचं मला तुला सांगायचं हाय."

तिनं कपातला चहा संपवला. कप बाकड्याखाली ठेवला आणि गाठोडं काखेत घेतलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "गाडी लागली बघ."

मी तिला खिडकीजवळची जागा धरून दिली आणि खाली उतरलो.